पिठल्याचं बोरन्हाण

संक्रांत जवळ आली की आमच्या डोंबिवलीत स्टेशनाकडे जाणारा रस्ता हिरवा होतो. हातगाड्यांवर हरभऱ्याच्या जुड्या रचलेल्या असतात, मुळांना माती तशीच. शेजारी बोरं, उसाची कांडी, मटार, तांबडी गाजरं. जुडी हातात घेऊन घरापर्यंत यायचं म्हणजे बोटांना तिच्या पानांवरची आंबट आंब लागते आणि बोट आपोआप तोंडात जातं. साठी उलटली तरी ही सवय सुटलेली नाही, आणि सुटावी असं मला वाटतही नाही.

परवा मी जुडी घेऊन जिना चढत होतो, तर वरून शीळ ऐकू आली. पिठल्याला माझ्या पावलांपेक्षा पिशवीचा आवाज जास्त ओळखू येतो. दार उघडलं तेव्हा तो सोफ्याच्या पाठीवर तुरा उभारून तयार होता. माझ्या ताईने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर जुडी टाकली, आणि दोघं समोरासमोर बसून घाटे सोलायला लागली. ती बोटांनी, तो चोचीने. तिचे दाणे वाटीत जात होते, त्याचे पोटात. त्यांच्याकडे बघताना मला दोन वर्षांपूर्वीचा पौष आठवला. या महाराजांना खायचं कसं हे शिकवता शिकवता तेव्हा आमच्या घरातली तीन माणसं मेटाकुटीला आली होती.

पिठल्या हा आमचा पोपट. त्याला पोपट म्हणायचं की नाही यावर बिल्डिंगमध्ये अजून एकमत नाही. विकणारे त्याला कॉकटील म्हणतात. आता त्याचं तोंड छान पिवळं झालंय, गालांवर शेंदरी टिकल्या आल्यात. पण सईने त्याला कल्याणहून आणलं तेव्हा तो नुसताच राखी होता, अंगावर पिसं कमी आणि काड्या जास्त. चपलांच्या खोक्यात, जुन्या टॉवेलाच्या घडीत बसून तो आमच्याकडे संशयाने बघत होता. ताईने चष्मा पुसून पुन्हा लावला आणि विचारलं, याला रंग द्यायचा राहिलाय का? खालच्या मजल्यावरचे नेने तर दोन दिवस जिन्यात भेटले की म्हणायचे, पोपट आणायला गेलात आणि तुमचाच पोपट झाला.

सई माझी मुलगी. ती तीन वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हा माझी ही मोठी बहीण कल्याणची आपली खोली बंद करून एका बॅगेनिशी आमच्याकडे आली. चार दिवस राहते म्हणाली होती. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. सईला तिनेच वाढवलं, तिनेच भरवलं. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो, पाळ्या सांभाळायचो, आणि घरी आलो की दोघी जेवून झोपलेल्या असायच्या. ओट्यावर माझं ताट झाकलेलं असायचं.

त्या पौषाआधीच्या दिवाळीत सईला हैदराबादची नोकरी लागली. संक्रांत झाली की रुजू व्हायचं होतं. मग एका रविवारी ती हे खोकं घेऊन आली. का आणलं, ते आम्हा तिघांनाही कळलं होतं. ताईने फक्त एवढंच विचारलं, की हा खातो काय.

तिथेच तर खरी गोम होती. तो खात नव्हता, त्याला भरवावं लागत होतं. पिल्लांसाठी एक पावडर मिळते, ती कोमट पाण्यात कालवायची, सिरिंजमध्ये भरायची आणि चोचीच्या कडेने हळूहळू सोडायची. रंगाने, दाटपणाने ते मिश्रण थेट पातळ पिठल्यासारखं दिसायचं. निम्मं पोटात जायचं, निम्मं चोचीवर, छातीवर आणि सईच्या कुर्त्यावर वाळून बसायचं. त्यावरूनच त्याचं नाव पडलं. ताई सोन्या, राजा अशी नावं सुचवत होती, पण ते तोंड बघून दुसरं नाव टिकलंच नाही.

मिश्रण फार गरम झालं तर पिल्लाच्या गळ्याखालची पिशवी भाजते, गार झालं तर ते पचत नाही. एवढं कळल्यावर माझ्यातला प्रयोगशाळेतला माणूस जागा झाला. मी जुनं थर्मामीटर शोधून काढलं आणि चाळिसाच्या आसपास पारा आल्याशिवाय सिरिंज भरू देईना. ताई वाटीतला एक थेंब मनगटावर टाकून बघायची, सईच्या दुधाच्या बाटलीला बघायची तशी. आमचं दोघांचं उत्तर एकच यायचं, तरी आम्ही रोज भांडायचो. पिठल्या तोवर मान वरखाली करत गंजलेल्या बिजागरीसारखा किरकिरत असायचा. इतकुशा जिवाचा तो आवाज ऐकला की हातातलं काम सोडून धावावंच लागायचं. ते ओरडणं मला अजूनही आठवतं.

पण भरवायची ती फक्त सई. ताईचा हात काही वर्षांपासून थरथरतो, आणि पक्षी विकणाऱ्याने बजावून सांगितलं होतं, की श्वासनळीत थेंब गेला तर पिल्लू जागच्या जागी जातं. मी एकदा धीर करून सिरिंज धरली. त्याला ठसका लागला, नाकपुड्यांतून पिठलं बाहेर आलं, आणि मी सिरिंज सईच्या हातात परत दिली. त्यानंतर मी फक्त पारा बघायचं काम ठेवलं. मग प्रश्न असा उरला, की सई गेल्यावर याला भरवणार कोण? ती जाईपर्यंत तो स्वतःचं स्वतः खायला लागला नाही तर त्याला कल्याणला परत द्यायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे सई तसं म्हणाली आणि ताई गप्प बसली. मला तिचं गप्प बसणं कळतं. ती लहानपणापासून अशीच, जे हवं असतं त्याबद्दल बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र तिने जाहीर केलं, की याचं उष्टावण करायचं. आपल्याकडे बाळाच्या तोंडात पहिला घास मामाने घालायचा असतो, तेव्हा या बाळाचा मामा कोण यावर खल सुरू झाला. सईला भाऊ नाही. मी नात्याने आजोबा लागत होतो. पिल्लू कल्याणहून आलं म्हणजे त्याचं आजोळ कल्याण, म्हणून तो पक्षीवालाच मामा, असा ताईचा न्याय. सईने त्याला खरंच फोन लावला. तो बिचारा म्हणाला, तुम्हीच माझ्या नावाने घाला. मग देवापुढे दिवा लावून ताईने मऊ शिजवलेल्या मुगाचा एक कण चांदीच्या चमच्यावर घेतला आणि पिठल्याच्या चोचीला लावला. त्याने मान अशी झटकली, की तो मूग माझ्या चष्म्यावर येऊन बसला. त्याचं उष्टावण झालं नाही, माझ्या चष्म्याचं झालं, असं सई पुढे सगळ्यांना सांगत सुटली.

तरी ताई हरली नाही. पिंजऱ्यात वाट्या टांगल्या गेल्या. एकीत मोड आलेले मूग, दुसरीत मक्याचे दाणे, तिसरीत किसलेलं गाजर, कोथिंबिरीच्या काड्या, उकडलेल्या अंड्याचा चुरा. आमच्या घरात अंडं यायला ताईचा जन्मभर विरोध, पण पिठल्यासाठी ती स्वतः वेगळं पातेलं काढून अंडं उकडायची आणि वर मला सांगायची, की औषध म्हणून चालतं. हा पठ्ठ्या वाटीच्या काठावर बसून, पोटाशी अन्न असताना, सिरिंजसाठी गळा काढायचा.

सई लहान असताना ताई तिला गॅलरीत बसवून भरवायची. हा घास चिऊचा, हा घास काऊचा, आणि शेवटी, हा शेवटचा. तो शेवटचा कधीच शेवटचा नसायचा. त्या पौषात मी स्वयंपाकघरातून ऐकलं, ताई पिंजऱ्यापाशी स्टूल घेऊन बसली होती आणि बोटावर मक्याचा दाणा धरून म्हणत होती, हा घास सईचा, हा घास बाबाचा. पक्ष्यांच्या नावाने माणसाचं पोर जेवायचं, आता माणसांच्या नावाने पक्ष्याने जेवावं अशी तिची विनवणी चालली होती. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. मी पाण्याचा ग्लास घ्यायला गेलेलो, तो न घेताच परत आलो.

तो वाळत चालला, असं आम्हाला वाटायला लागलं. छातीचं हाड हाताला लागतं म्हणून सई रडवेली झाली. ताईने मीठमोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली. शेवटी त्याला टोपलीत घालून आम्ही ठाण्याला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी त्याला तळहातावर उलटंपालटं केलं, गळ्याखालची पिशवी चाचपली, वजन केलं आणि म्हणाल्या, याला काहीही झालेलं नाही. उपाशी ठेवून शिकवायला जाऊ नका, सिरिंज चालू ठेवा, समोर खाणं भरपूर राहू दे. आणि मग आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघून म्हणाल्या, फक्त त्याच्यासमोर असं तिघांनी बसू नका, थोडं लक्ष देऊ नका. आम्ही तिघं त्या वेळी टेबलावर ओणवे होऊन त्याच्या चोचीकडेच बघत होतो.

परतताना शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी नेहमीप्रमाणे अडकली. पिठल्या सईच्या मांडीवर झोपला होता. ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लक्ष देऊ नका म्हणे. मग मी घरात करायचं काय?"

सईने तिचा हात हातात घेतला. मी ड्रायव्हरला उगीचच विचारलं, की पुढे रस्ता मोकळा आहे का.

खरं तर आमच्याच घरात एक जुना नियम होता. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये, अन्न अंगी लागत नाही. ताईने तो सईला शेकडो वेळा ऐकवलेला. सई पाहुण्यांच्या पोरांकडे टक लावून बघायला लागली की ती तिला चिमटा काढायची. पण पिठल्याच्या बाबतीत तो नियम तिला आठवला नाही, आम्हालाही आठवला नाही. ज्याच्या खाण्याची काळजी असते त्याच्या तोंडाकडे न बघणं फार कठीण असतं, आणि मला वाटतं म्हणूनच तो नियम करावा लागला असेल.

भोगीच्या दिवशी ताईने शेवटचा प्रयत्न केला. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी, राळ्याचा भात. मीठ-तिखट घालण्याआधी तिने पिठल्यासाठी सगळ्यातलं थोडं थोडं काढून ठेवलं आणि त्याच्यापुढे ठेवून त्याला दम दिला, की न खाई भोगी तो सदा रोगी. त्याने भाकरीच्या तुकड्यावर पाय ठेवला, त्यावरून चालत गेला आणि सईच्या बाहीत तोंड खुपसून किरकिरायला लागला. सईची बॅग एव्हाना दिवाणावर उघडी पडलेली होती. चार दिवसांनी तिची गाडी. तिने सिरिंज भरली, त्याला पाजलं, आणि कल्याणला फोन करून विचारलं, की तुम्ही परत घ्याल ना. ताई भाजीची कढई घासत होती. ती कढई त्या दिवशी फार वेळ घासली गेली.

संक्रांतीला आमच्या घरी बोरन्हाण होतं. समोरच्या दीपालीची मुलगी रेवा दीड वर्षांची, घरात मोठं कुणी नाही, तेव्हा ताई म्हणाली, आपल्या हॉलमध्ये करू. ती दरवर्षी बिल्डिंगमधल्या कुणा ना कुणाचं करतेच. बोरन्हाण म्हणजे आंघोळ, पण पाण्याची नव्हे. बाळाला काळं झबलं, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं आणि त्याच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, मटार, शेंगा असं सगळं ओतायचं. ते खाली पडलं की जमलेल्या पोरांनी वेचायचं आणि खायचं. ताईने सतरंजीवर पांढरी चादर अंथरली. पिठल्याचा पिंजरा गडबड नको म्हणून आतल्या खोलीत नेऊन ठेवला, पण त्याचं दार सईने लावलं की मी, यावर आजही वाद आहे. ते नीट लागलं नव्हतं एवढं खरं.

ताईने रेवाच्या डोक्यावरून पहिलं माप ओतलं. चुरमुरे तडतडत चादरीवर पसरले, बोरं घरंगळत सोफ्याखाली गेली, पोरांनी एकच गिल्ला केला. रेवाला काही कळेना, ती आपल्या मुकुटावरचा हलवा चाटत बसली. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत होतो म्हणून मला दिसलं. आतल्या खोलीच्या दारातून पिठल्या तुरुतुरु चालत येत होता, शेपटी जमिनीवर ओढत, कुणा आमंत्रण दिलेल्या माणसासारखा. चादरीच्या कडेला तो थांबला. त्याच्यासमोर एक पोरगी गुडघ्यांवर बसून घाटे फोडत होती. त्याने तिच्याकडे मान वाकडी करून बघितलं. मग एक चुरमुरा उचलला, टाकला. दुसरा उचलला. मग एका सोललेल्या हरभऱ्याच्या दाण्याला चोच मारली, तो जिभेवर फिरवला, आणि त्याची हिरवी साल खाली पडली. दाणा पडला नाही.

मी उठलो नाही. कुणाला हाक मारली नाही. पायाने हळूच त्याच्या वाटेतला हलवा आणि चॉकलेटं तेवढी बाजूला सारली, आणि तो दुसरा दाणा उचलायला वाकला तेव्हा मी मुद्दाम खिडकीबाहेर बघायला लागलो. समोरच्या गच्चीवर पोरं पतंग उडवत होती. पतंग मला एकही आठवत नाही. मागे चादरीवर होणारी ती बारीक टकटक तेवढी अजून कानात आहे, आणि माझे डोळे भरून आले होते हे सांगायला मला लाज वाटत नाही.

हा पक्षी मुळात जमिनीवर हिंडून दाणे टिपणारा, हे मला पुढे कळलं. आम्ही त्याच्या वाट्या उंच टांगून ठेवत होतो. पण मला त्यापेक्षा दुसरीच गोष्ट आवडते. आपल्या लोकांनी मुलांच्या जेवणाचे दोन सोहळे केले. उष्टावणात दुसरा कुणीतरी घास देतो, मूल नुसतं तोंड उघडतं. बोरन्हाणात देणारा नुसतं ओततो आणि बाजूला होतो, वेचायचं ते ज्याचं त्याने. आम्ही पिठल्याच्या पहिल्याच सोहळ्यात अडकून बसलो होतो. दुसरा त्याने आपला आपण गाठला, तोही दुसऱ्याच्या पोरीचा.

आता तो काय खात नाही ते विचारा. सई हैदराबादहून फोन करते तेव्हा आधी त्याची शीळ मागते, मग आम्ही जेवलो का ते विचारते. ताई रोज सकाळी त्याच्यासाठी जमिनीवर दाणे पसरते आणि पाठ करून बसते. पाठ केली तरी कान तिकडेच असतात. यंदा संक्रांतीला सई येणार आहे, म्हणून तर जुडी जरा आधीच आली घरात.

पण हरभरा घरात आला की मला सगळ्यात आधी आठवते ती त्याच संक्रांतीची संध्याकाळ. पाहुणे गेले होते. चादर झटकून झाली होती, सोफ्याखालून बोरं निघत होती. मी पारा बघितला, ताईने मनगटावर थेंब टाकला, सईने सिरिंज भरून पिठल्यापुढे धरली. त्याने तोंड फिरवलं. तिने दुसऱ्या बाजूने धरली. त्याने पुन्हा तोंड फिरवलं, डोळे मिटले आणि पाय पोटाशी घेऊन झोपायच्या तयारीला लागला. तिने त्याच्या गळ्याखाली बोट लावून बघितलं. पिशवी टम्म भरलेली होती. मग मी दुपारी काय पाहिलं, आणि गर्दी पांगायच्या आत त्याला गुपचूप पिंजऱ्यात कसं ठेवलं, ते सांगितलं. ताई देवघरासमोर जाऊन हात जोडून आली. आता कल्याणला फोन करायची गरज नव्हती. आनंद व्हायचा तो सगळ्यांना झाला, पण सई तिथेच उभी राहिली, हातात ती भरलेली कोमट सिरिंज घेऊन. तिचा चेहरा बघवेना.

ताई तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. म्हणाली, "तूही एकदा अशीच केली होतीस. बालवाडीत जायला लागलीस आणि एक दिवस माझा हात बाजूला करून म्हणालीस, आत्या, मी माझी जेवते. घास कालवून हातात धरला होता मी."

"मग काय केलंस गं त्या घासाचं?"

"खाल्ला मीच. भूक लागली होती."

सई हसली आणि हसता हसता रडायला लागली. तिने सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली, धुऊन उलटी ठेवली, आणि ताई जेवायला बसली तेव्हा तिच्या ताटाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली. तिने तोंड उघडलं. ताईने गूळपोळीचा तुकडा तुपात बुडवला. हात थरथरत होता, तूप हनुवटीवर सांडलं, सईने ते पुसलं नाही. मी त्या दोघींच्या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवून माझ्या ताटात मान घालून बसलो.

"हा शेवटचा," ताई म्हणाली, आणि दुसरा तुकडा मोडला.